आधी पोटोबा

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण बहुधा थट्टेने वापरतो. देवाच्या आधी ताटाकडे पाहणाऱ्याला टोमणा मारायला ती बरी पडते. प्रत्यक्ष यात्रेत मात्र आपल्या घरातील वडीलधारी माणसे या म्हणीच्या नेमके उलट वागतात. पहाटे उठून स्नान, फार तर घोटभर चहा, आणि मग दर्शन होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम असतो. चाळिशीत शरीर हा नेम निभावून नेते. पंचाहत्तरीत, मधुमेहाची गोळी आणि रक्तदाबाचे औषध चालू असताना, त्याच नेमापायी यात्रेचा दिवस रुग्णालयात संपू शकतो. म्हणून या वेळी तीर्थक्षेत्री बाहेर जेवण्याचा विषय घेतला आहे. केव्हा जेवावे, कोठे बसावे, ताटात काय घ्यावे आणि मुख्य म्हणजे हे सारे ज्येष्ठांना कसे विचारावे, याचा विचार घरातून निघण्यापूर्वीच झालेला बरा.

आपल्या बीड जिल्ह्यात अशा यात्रेचे निमित्त वर्षभर असते. परळीचा वैजनाथ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजला जातो. त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केला. तेथून सुमारे २५ किलोमीटरवर अंबाजोगाई. तेथील योगेश्वरी ही कोकणातील अनेक कुटुंबांचीही कुलस्वामिनी, आणि गावाजवळच आद्यकवी मुकुंदराजांची समाधी. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींचे समाधिस्थान आहे. परळी आणि अंबाजोगाई ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात करण्याचा बेत बहुतेक कुटुंबे आखतात. एस.टी.ने २०२२च्या ऑगस्टपासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास दिला आणि ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना अर्धे तिकीट आहेच. त्यामुळे घरातील आजी-आजोबांचे फिरणे वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. प्रवासाची अडचण बरीचशी सुटली. जेवणाची मात्र आपण अजून 'तिथे गेल्यावर बघू' या एका वाक्यावर सोडून देतो.

गोळी सकाळची, जेवण दुपारचे

यात्रेच्या दिवशीचा सर्वांत मोठा धोका ताटातल्या पदार्थांत नसतो. तो ताट उशिरा समोर येण्यात असतो. मधुमेहाची सर्व औषधे सारखी नसतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे पोटात अन्न गेले की नाही याची वाट न पाहता रक्तातील साखर उतरवतात. घरी सात वाजता गोळी आणि आठ वाजता न्याहारी असा क्रम असतो, म्हणून काही बिघडत नाही. यात्रेच्या दिवशी गोळी सवयीने सातलाच घेतली जाते. न्याहारी मात्र दर्शनाच्या रांगेत अडकते आणि दुपारचे बारा वाजतात.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती उतरली असे डॉक्टर मानतात. हातापायांना कंप सुटणे, दरदरून घाम येणे, छातीत धडधडणे ही त्याची ओळखीची लक्षणे. ज्येष्ठांमध्ये ती नेहमी दिसतीलच असे नाही. बीटा-ब्लॉकर गटातील रक्तदाबाच्या गोळ्या ही धडधड झाकून टाकतात. अशा वेळी माणूस फक्त चिडचिडा होतो, असंबद्ध बोलतो, पाय ओढत चालतो किंवा रांगेतच मटकन खाली बसतो. बरोबरची मंडळी म्हणतात, 'थकले आहेत, जरा टेकू द्या.' ही गैरसमजूत महागात पडते. मधुमेही ज्येष्ठाचे वागणे रांगेत अचानक बदलले, तर साखर मोजण्याचे यंत्र जवळ असल्यास लगेच मोजावी आणि नसल्यास साखर उतरली आहे असे धरूनच चालावे.

उपाय सोपा आहे. तीन चमचे साखर किंवा सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात विरघळवून पाजावी, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे आणि त्यानंतर पोळी, भात किंवा बिस्किटे असे काही खायला द्यावे. प्रसादाचा पेढा या कामी येत नाही. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

याहून चांगला मार्ग म्हणजे ही वेळ येऊच न देणे. निघण्याच्या दोन-चार दिवस आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे: त्या दिवशी गोळी केव्हा घ्यावी, उपवास असेल तर किती घ्यावी, इन्सुलिनचे काय करावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील तर उपवासाबद्दल आवर्जून विचारावे, कारण त्या पोटात अन्न नसताना वेगळा त्रास निर्माण करू शकतात. औषधाची मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करणे आणि औषध अजिबात टाळणे, दोन्ही सारखेच घातक.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र या दिवशी परळीला जाणाऱ्यांचा उपवास असतोच. उपवासाच्या पदार्थांविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वाटीभर खिचडीने साखर झपाट्याने चढते. ती खायचीच असेल तर थोडी घ्यावी आणि सोबत दही किंवा ताक घ्यावे. दुसरी गोष्ट भगरीची. सुट्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात उपवासाच्या दिवसांत येत राहतात. दमट हवेत साठवलेल्या पिठात बुरशी वाढते आणि तिचे विष शिजवूनही जाईलच असे नाही. त्या दिवशी बाहेर भगरीच्या पिठाचे पदार्थ टाळावेत. घरच्यासाठी पाकीटबंद भगर आणून, निवडून, धुऊन लागेल तेवढीच दळावी.

'मला काही नको'

दुसरा धोका एका साध्या वाक्यात लपलेला असतो. खानावळीत सगळे बसतात, मुलगा विचारतो, 'आई, तुला काय सांगू?' आणि आई म्हणते, 'मला काही नको. तुम्ही खा, मी पोरांच्या ताटातलं घासभर घेईन.' हे वाक्य आपण शब्दशः घेतो. त्यामागे भूक नसणे हे कारण क्वचितच असते. ताटाचा दर भिंतीवर लिहिलेला असतो आणि आईने तो वाचलेला असतो. भाकरी चावणार नाही आणि कवळी चार लोकांत काढता येणार नाही, याचा संकोच असतो. आपल्यामुळे सर्वांना उशीर होईल अशी धास्ती असते. आणि बरेचदा खरे कारण निराळेच असते: खाल्ले-प्याले की लघवीला जावे लागेल, आणि इथे तशी सोय कुठे?

या शेवटच्या कारणापायी कितीतरी ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. काही जणी लघवी साफ होण्याची गोळीही परस्पर टाळतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणजे शरीराला पाणी हवे असते तेव्हाही तहान लागत नाही. त्यात बीडचा उन्हाळा. पारा चाळीसच्या पुढे. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, वृद्धांना तात्पुरता भ्रमही होतो. लघवीचा रंग गडद होणे आणि जीभ कोरडी पडणे या खुणा सोबतच्यांनी ओळखायला शिकावे.

ही गोष्ट परळीपुरतीच नाही. मुले-नातवंडे युरोपात असलेल्या मराठी घरांतील आई-वडील उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहून येतात. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स येथे ग्रां-प्लास हा जुना चौक पाहायला जगभरचे प्रवासी येतात. त्या चौकालगतच्या अरुंद गल्ल्यांत ब्रासरी म्हणून ओळखली जाणारी पारंपरिक भोजनगृहे आहेत. ब्रासरी या शब्दाचा मूळ अर्थ बिअर बनवण्याची जागा; पुढे तो ठरलेले साधे पदार्थ देणाऱ्या खानावळवजा जागेला लागला. शिंपल्यांसोबत तळलेला बटाटा, बिअरमध्ये मंद शिजवलेले गोमांस, कोंबडीचा किंवा माशांचा दाट रस्सा, भाज्या घालून कुस्करलेला बटाटा, असे तिथले पदार्थ. शाकाहारी ज्येष्ठाच्या वाट्याला तो कुस्करलेला बटाटा येतो, तोही मांसाविना देण्यास सांगितल्यावर. दातांना मात्र तो सोयीचा. खरी अडचण वेगळी असते. तिथे भोजनगृहात पाणी बहुधा बाटलीबंद आणि विकतच मिळते, आणि सार्वजनिक शौचालयातही अनेकदा पैसे मोजावे लागतात. रुपयांत हिशेब करणारे आई-बाबा मग पाणीही मागत नाहीत आणि उठतही नाहीत. देश बदलला, चलन बदलले, तरी 'मला काही नको' हे वाक्य तेच राहिले.

म्हणून पाण्याची जबाबदारी सोबतच्या तरुण माणसाने आपल्याकडे घ्यावी. दर अर्ध्या तासाला चार घोट पाणी आपण होऊन पुढे करावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर तेच पाळावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळ्याचे पाणीही विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. आणि कोठेही पोहोचल्यावर पहिल्यांदा स्वच्छतागृह कोठे आहे ते आपण पाहून यावे आणि आईला सांगावे, 'डाव्या हाताला आहे, स्वच्छ आहे, मी सोबत येतो.' एवढे एक वाक्य ऐकल्यावर पाण्याचा पेला आपोआप रिकामा होतो.

खानावळ निवडताना

देवळाच्या वाटेवर पाटी मोठी आणि हाक मोठी असलेली जागा चांगलीच असेल असे नाही. ज्येष्ठांसाठी जागा निवडताना चवीआधी चार गोष्टी पाहाव्यात. बसायला पाठ असलेली खुर्ची आहे का. बाकड्यावर पाठीला टेकू मिळत नाही आणि भारतीय बैठकीत गुडघे साथ देत नाहीत. आत जायला पायऱ्या किती आणि फरशी ओली आहे का. स्वच्छतागृह आहे का, आणि त्यात कमोड आहे का. आणि अन्न गरम येते का.

चौथ्या गोष्टीवर थोडे अधिक बोलायला हवे. शिजलेले अन्न एकतर वाफाळते गरम असावे किंवा गारठ्यात ठेवलेले असावे. मधल्या कोमट अवस्थेत जंतू झपाट्याने वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत असा की वाढायचे अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर राहावे आणि शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांहून अधिक राहू नये. आपल्या उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर ते संपलेले बरे. गर्दीच्या खानावळीचा इथे एक फायदा असतो: पातेले लवकर रिकामे होते आणि नवे चढते. उलट चार वाजता, भटारखाना थंड पडल्यावर, सकाळची उसळ आणि भात मागवण्यात अर्थ नाही. तेव्हा समोर करून मिळणारी गरम भाकरी आणि पिठले सांगावे. चिरून ठेवलेली काकडी, कांदा, उघड्यावरची फळे, बर्फ घातलेला उसाचा रस आणि पाणी घालून ठेवलेली ओली चटणी यांना नम्रपणे नकार द्यावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावणे उपाहारगृहांना बंधनकारक आहे. तो दिसतो का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

घरून डबा नेणे सर्वांत सुरक्षित, यात शंका नाही. पथ्य फार कडक असेल तर तोच मार्ग धरावा. पण एरवी बाहेरच्या जेवणावर सरसकट फुली मारण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार करावा. पन्नास वर्षे चुलीपुढे बसून दुसऱ्यांना गरम भाकरी वाढलेल्या बाईला स्वतःच्या ताटात तव्यावरून उतरलेली भाकरी क्वचितच मिळालेली असते. तिची पाळी येईपर्यंत भाकरी निवलेली असते. खानावळीत कोणीतरी तिच्याकडे पाहून विचारते, 'मावशी, अजून एक आणू का?' हा प्रश्न तिला आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकायला मिळालेला असतो. बीड जिल्ह्यातील कितीतरी घरांत मुलगा आणि सून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. मधल्या काळात घर सांभाळणारी आजी आपल्यापुरते आणि नातवंडांपुरते कसेबसे शिजवते. अशा घराचे कुलदैवताला जाणे हे वर्षातील एकत्र जेवणाचेही निमित्त असते. ते जेवण निर्धोक कसे होईल ते पाहावे. ते रद्द करू नये.

ताटात काय, किती

मराठवाड्याची खानावळ ज्येष्ठांसाठी मुळीच वाईट नाही. ज्वारीची भाकरी, पिठले, वरण, वांग्याचे भरीत, पालेभाजी, ताक. यात पोषणही आहे आणि ओळखीची चवही. अडचण होते ती ताटाच्या कडेला असलेल्या गोष्टींची. पापड, लोणचे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, शेव यांत मीठ एकवटलेले असते. पापडात तर मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे साधारण सपाट चमचाभराच्या आत असावे असे सांगितले जाते. शेवभाजीची वाटी, एक पापड आणि लोणच्याच्या दोन फोडी एका जेवणात झाल्या की त्यातला मोठा वाटा संपलाच. रक्तदाब, हृदयविकार किंवा पायावर सूज असलेल्यांच्या ताटात या कडेच्या वस्तूंपैकी एकच काहीतरी असावी, आणि कोणती ती त्यांनीच निवडावी. सगळेच बंद केले तर जेवण बेचव होते आणि भाकरीही अर्धी राहते.

भाजीवर तरंगणारी तर्री बाजूला काढून देण्यास सांगितले तर वाढपी सहसा नाही म्हणत नाही. तिखट सोसत नसेल तर दुधात किंवा वरणात भाकरी कुस्करून खावी. काला करून खाणे आपल्याकडे कधीच कमीपणाचे मानले गेलेले नाही, आणि दात नसलेल्यांसाठी त्याहून सोपी युक्ती नाही. भाकरी निवली की कडक होते, म्हणून एका वेळी अर्धीच मागवावी आणि गरम असतानाच मऊ करून घ्यावी. 'पाहिजे तेवढे घ्या' असे ताट असेल तर ज्येष्ठांसाठी साधे, मोजके ताट निराळे सांगावे. दर वसूल करण्याच्या नादात दोन घास जास्त जातात आणि त्याचा त्रास पुढे होतो.

घाईघाईने खाऊ नये, हसत-बोलत घास गिळू नये, पाठ ताठ ठेवून बसावे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांना घास अडकण्याचा धोका अधिक असतो. त्यांना पातळ आणि घट्ट पदार्थ एकाच घासात मिसळून न देता सारख्या दाटपणाचे, मऊ अन्न द्यावे. घास अडकून माणसाला बोलता किंवा खोकता येईनासे झाले, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने घास सुटला नाही तर पाठीमागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, पोटावर, आत आणि वर असा पाच वेळा झटका द्यावा. हे आळीपाळीने करीत राहावे आणि दुसऱ्याने १०८ लावावा.

गोडाचे काय? हिवाळ्याच्या तोंडावर गेलात तर वाटेवर सीताफळांच्या पाट्या दिसतील. बालाघाटाच्या माळरानावर पिकणाऱ्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याचा मोह होणारच. मधुमेहींनी ते जेवणावर न खाता, जेवणापासून दोन-तीन तास दूर, अर्धेच खावे. बिया काढून गर वाटीत दिला तर ज्येष्ठांना खाणेही सोपे जाते.

जेवण झाल्यावर

आता थोड्या अपरिचित गोष्टीकडे वळू. भरपेट जेवल्यावर रक्ताचा ओघ पचनसंस्थेकडे वळतो. तरुण शरीर रक्तवाहिन्या आकसून आणि हृदयाचे ठोके वाढवून तो तोल सांभाळते. वृद्धापकाळी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा कंपवात असलेल्यांमध्ये, हा तोल ढळतो आणि जेवणानंतरच्या दोन तासांत रक्तदाब बराच खाली येऊ शकतो. भात, पोळी, गोड असे पिष्टमय पदार्थ जास्त झाले की तो अधिक उतरतो. डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, माणूस पडतो. 'जेवण अंगावर आले' असे आपण म्हणतो, त्यात कधी कधी हेही असते.

परळीच्या मंदिराला पायऱ्या आहेत आणि बहुतेक तीर्थक्षेत्री त्या असतातच. वृद्धापकाळी असे पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती. म्हणून दिवसाचा क्रम असा ठेवावा: निघताना हलकी न्याहारी, सकाळच्या थंड वेळी दर्शन, नंतर दुपारचे जेवण. जेवणानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, पाठ टेकून बसणे. आडवे व्हायचे असेल तर उशी उंच घ्यावी, म्हणजे आंबट वर येत नाही. उठताना आधी खुर्चीत पाय हलवावेत, मग उभे राहावे, मग पाऊल टाकावे. परळीचे दर्शन उशिरा झाले तर अंबाजोगाई दुसऱ्या दिवशी ठेवावी. एका दिवसात दोन्ही झालेच पाहिजे असा देवाचा आग्रह नाही.

घरी परतल्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर जलसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून थोडे थोडे पाजावे. वृद्धांमध्ये पाणी लवकर आटते. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा शौचावाटे रक्त गेले तर वाट पाहू नये. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांचे त्या काळात काय करायचे, हेही डॉक्टरांना विचारावे. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, हे यात्रेकरूंनी लक्षात ठेवावे.

विचारण्याची रीत

शेवटी पुन्हा त्या 'मला काही नको'कडे येऊ. 'भूक लागली का?' या प्रश्नाला ज्येष्ठांचे उत्तर 'नाही' असेच यायचे, कारण त्यात 'हो' म्हणणे म्हणजे दुसऱ्याला त्रास देणे असे त्यांना वाटते. प्रश्न बदलावा. 'आई, पिठलं-भाकरी सांगू की वरण-भात?' असे विचारले की ती उत्तर देते. 'अण्णा, आता माझ्यासोबत बसा, मला एकट्याला जेवायला आवडत नाही' असे म्हटले की अण्णा बसतात. वाढप्याने 'आजोबांना काय देऊ?' असे मुलाला विचारले, तर मुलाने आजोबांकडे पाहावे आणि उत्तर त्यांनाच देऊ द्यावे. पथ्य आठवून द्यायचे असेल तर ते घरी, निघण्याआधी द्यावे. चार लोकांत 'तुम्हाला चालत नाही' असे ऐकणे साखरेच्या गोळीहून कडू लागते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसोबत असाल तर गर्दीची वेळ टाळावी आणि कोपऱ्यातली, भिंतीकडची जागा घ्यावी. ताटातल्या दहा वस्तू एकदम पुढे न ठेवता एक-एक वाटी द्यावी. हाताने खाण्याची सवय आयुष्यभराची असते. चमच्याचा आग्रह धरू नये. दोन घास सांडले तर सांडू द्यावेत.

यात्रेच्या पिशवीत पाण्याची बाटली, ग्लुकोजचे पाकीट, चार बिस्किटे, औषधांची यादी, कवळीची डबी आणि एक जादा धोतर किंवा लुगडे एवढे असले की बरीचशी काळजी मिटते. बाकीचे काम आदल्या रात्रीच्या एका प्रश्नाने होते. गाडी किती वाजता, रांग किती मोठी, हे सारे ठरवण्याआधी आजीजवळ बसावे आणि विचारावे, 'उद्या तिथे काय खावंसं वाटतं?' ती आधी 'काही नको' म्हणेल. थोडे थांबावे. मग ती सांगेल.